‘दिसलंच नाही’ म्हणजे किती दिसलं नाही?

युरोपीय संघाच्या कृत्रिम बुद्धिमत्ता कायद्यातली प्रतिबंधक कलमं २ फेब्रुवारी २०२५ पासून लागू झाली. माणसाच्या जाणिवेला पत्ता लागू न देता त्याचं वागणं वळवणारी आणि त्यातून मोठं नुकसान करणारी तंत्रं तिथे आता निषिद्ध आहेत. कलम योग्यच आहे. पण या विषयावर जी चर्चा चालते, ती वाचली की काळजी वाटते. एका बाजूचे लोक म्हणतात, निमिषभर दाखवलेला, दिसलासुद्धा नाही असा एखादा भेदरलेला किंवा हसरा चेहरा आपली नजर फिरवतो आणि नजरेपाठोपाठ मनही. पडदा ज्याच्या हाती, त्याच्या हाती आपण. दुसऱ्या बाजूचे म्हणतात, ही १९५७ सालच्या पॉपकॉर्नच्या थापेचीच नवी आवृत्ती आहे, सोडून द्या. मला वाटतं, दोघंही ‘आहे की नाही’ एवढ्याच प्रश्नावर भांडताहेत आणि तो प्रश्नच अपुरा आहे. जाणीवपूर्वक न पाहिलेल्या चेहऱ्यावरचा भाव आपलं लक्ष ओढू शकतो, याला काही परिस्थितींत पुरावा आहे. विचारायला हवं ते वेगळंच: किती ओढतो, किती वेळ ओढतो, कोणाचं लक्ष ओढतो, आणि ‘पाहिला नाही’ हे ठरवलं कोणी आणि कसं? याची उत्तरं समोर ठेवली की दडवलेल्या चेहऱ्याची भीती बरीच ओसरते. उघड्यावर दिसणाऱ्या चेहऱ्यांबद्दल मात्र आपण किती बेफिकीर आहोत, तेही कळतं.

पॉपकॉर्नचा विषय आधी हातावेगळा करू. जेम्स व्हिकरी या बाजार-संशोधकाने १९५७ मध्ये जाहीर केलं, की न्यू जर्सीतल्या एका चित्रपटगृहात सहा आठवडे ‘पॉपकॉर्न खा’, ‘कोका-कोला प्या’ अशी वाक्यं सेकंदाच्या तीन हजाराव्या भागापुरती झळकवली आणि पॉपकॉर्नची विक्री ५७ टक्क्यांहून जास्त, कोका-कोलाची १८.१ टक्क्यांनी वाढली. १९६२ मध्ये त्याने स्वतःच कबुली दिली, की हाताशी असलेली माहिती काही अर्थ काढण्याइतकीही नव्हती. उडवून लावणारे इथेच थांबतात. पण एकाने थाप मारली म्हणून विषय खोटा ठरतो का? व्हिकरीच्या ७३ वर्षं आधी, १८८४ मध्ये, चार्ल्स पर्स आणि जोसेफ जॅस्ट्रो यांनी स्वतःवरच एक प्रयोग केला होता. वजनांमधला फरक इतका बारीक ठेवायचा, की ‘मला काहीच कळत नाही’ असं मनापासून वाटावं. आणि तरी जास्त वजन कुठलं ते सांगायचंच. खात्री शून्य असतानाही त्यांची उत्तरं निव्वळ नशिबाने बरोबर यावीत त्यापेक्षा जास्त वेळा बरोबर आली. म्हणजे खात्री आणि माहिती या दोन गोष्टी एकमेकींपासून सुटू शकतात, हे विज्ञानाला तेव्हापासून ठाऊक आहे.

आजच्या वादाचा आकार मात्र मला १९०४ सालच्या बर्लिनमध्ये दिसतो. विल्हेल्म फॉन ऑस्टेन या निवृत्त शिक्षकाचा हान्स नावाचा घोडा गणितं सोडवायचा आणि उत्तराइतक्या टापा मारायचा. एक पक्ष म्हणे, घोड्याला खरंच गणित येतं. दुसरा म्हणे, मालक लबाड आहे. कार्ल श्टुम्फ यांच्या चौकशी मंडळाला लबाडी काही सापडली नाही. मग ऑस्कर प्फुंग्स्ट यांनी एकेक गोष्ट बदलून पाहायला सुरुवात केली. प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसेल, तर? घोडा चुकला. विचारणारा घोड्याला दिसेनासा केला, तर? पुन्हा चुकला. टापा बरोबर आकड्याशी आल्या की विचारणाऱ्याचं डोकं आणि चेहरा अगदी किंचित हलायचा आणि घोडा तिथे थांबायचा. आपण हललो, याची विचारणाऱ्याला गंधवार्ता नसे. मर्म कळल्यावरही ही हालचाल दाबून ठेवणं प्फुंग्स्टना अवघड गेलं. त्यांचे निष्कर्ष १९०७ मध्ये प्रसिद्ध झाले. दोन्ही पक्ष हरले होते, कारण दोघांनीही ‘किती हालचाल’ आणि ‘कोणाला दिसली’ हे मोजलंच नव्हतं.

तेव्हा मोजमापाकडे येऊ. प्रयोगात माणूस हनुवटी एका टेकूवर ठेवून पडद्यासमोर बसतो. पडद्याच्या मधोमध अधिकचं चिन्ह असतं. नजर तिथून हलवायची नाही. मग डाव्या-उजव्या बाजूंना एकदम दोन चेहरे उमटतात, एक भेदरलेला आणि एक निर्विकार. ते समजा ३३ मिलिसेकंद राहतात आणि लगेच त्याच जागी दुसरे चेहरे किंवा विस्कटलेल्या तुकड्यांचं चित्र येतं. या दुसऱ्या चित्राला मास्क म्हणतात. पहिल्या चित्रावरची मेंदूची प्रक्रिया पुरी व्हायच्या आत दुसरं चित्र त्यावर येऊन आदळतं, म्हणून पहिलं जाणिवेपर्यंत पोहोचत नाही. मग एका बाजूला ठिपका येतो आणि तो कुठल्या बाजूला आला ते बटण दाबून सांगायचं. अशा शेकडो फेऱ्या होतात. ठिपका भेदरलेल्या चेहऱ्याच्या जागी आला तेव्हा लागलेला वेळ आणि निर्विकार चेहऱ्याच्या जागी आला तेव्हाचा वेळ, यांची वजाबाकी म्हणजे लक्षाची ओढ. मॅक्लाउड, मॅथ्यूज आणि टाटा यांनी १९८६ मध्ये ही पद्धत शब्द वापरून मांडली; चेहरे नंतर आले. या वजाबाकीचं उत्तर येतं किती? बटण दाबायला साधारण ४०० ते ५०० मिलिसेकंद लागतात आणि फरक निघतो दहाच्या आसपास, बऱ्याचदा त्याहूनही कमी. डोळ्याची एक उघडझाप शंभर मिलिसेकंदांपेक्षा जास्त वेळ खाते. ज्याला ‘मनाचा ताबा’ म्हटलं जातं, त्याचं प्रयोगशाळेतलं माप हे आहे.

या विषयावरच्या लेखांमध्ये १७ आणि ३३ हे आकडे इतक्यांदा येतात, की मेंदूतच तिथे काही उंबरठा असावा असं वाचणाऱ्याला वाटतं. हे आकडे मेंदूचे नाहीत, पडद्याचे आहेत. ६० हर्ट्‌झचा पडदा सेकंदाला साठ वेळा चित्र नव्याने रंगवतो. एक फेरी १६.७ मिलिसेकंदांची, दोन फेऱ्या ३३.३ च्या. एका फेरीहून कमी वेळ चेहरा दाखवायची त्या पडद्याची ऐपतच नाही, म्हणून १७. त्यातही चुकतं बरंच काही. एलसीडी पडद्यावरच्या ठिपक्यांना रंग बदलायला स्वतःचे काही मिलिसेकंद लागतात, त्यामुळे एका फेरीपुरता आलेला चेहरा पूर्ण उठावाने उमटतच नाही किंवा त्याचा अंश पुढच्या चित्रात रेंगाळतो. संगणक मध्येच दुसऱ्या कामात अडकला आणि एक फेरी चुकली, की ३३ चे ५० होतात आणि चेहरा लख्ख दिसतो. म्हणून पडद्याच्या कोपऱ्यात फोटोडायोड (प्रकाश टिपणारा छोटा भाग) चिकटवून प्रत्येक फेरीची खरी लांबी नोंदवावी लागते आणि चुकलेल्या फेऱ्या हिशेबातून काढाव्या लागतात. ज्या प्रयोगात ही नोंद नाही, त्यातल्या ‘१७ मिलिसेकंदां’वर मी विसंबणार नाही. शिवाय नुसत्या वेळेने काही लपत नाही, लपवण्याचं काम मास्क करतो. २००० सालच्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत रिपब्लिकन पक्षाच्या एका जाहिरातीत ‘ब्युरोक्रॅट्स’ या शब्दातला ‘रॅट्स’ (उंदीर) हा तुकडा सेकंदाच्या तिसाव्या भागापुरता, म्हणजे साधारण तेवढेच ३३ मिलिसेकंद, मोठ्या अक्षरांत झळकला. तो लोकांच्या नजरेस पडला आणि त्याचा मोठा बोभाटा झाला.

पण खरं पाणी मुरतं ते ‘सहभागींना चेहरा दिसला नाही’ या वाक्यात. हे ठरवतात कसं? सगळ्यात ढिसाळ पद्धत म्हणजे शेवटी विचारायचं, ‘काही दिसलं का?’ पॉल व्हेलन आणि सहकाऱ्यांच्या १९९८ च्या गाजलेल्या अभ्यासात भेदरलेले चेहरे ३३ मिलिसेकंद दाखवून त्यावर निर्विकार चेहऱ्यांचा मास्क टाकला होता. दहापैकी आठ जणांनी भेदरलेले चेहरे पाहिल्याचं सांगितलं नाही, आणि तरी अमिग्डाला हा मेंदूचा भीतीशी जोडला जाणारा भाग जास्त सक्रिय झाला. पण अंधुकसं काही दिसलं असताना ‘नाही दिसलं’ म्हणणारी माणसं किती असतात! खात्री नसली की माणूस ‘नाही’कडे झुकतो. म्हणून दुसरी, जास्त कडक पद्धत आली: दोनपैकी कुठला चेहरा होता ते सांगायचंच, येत नसेल तर अंदाज करून. उत्तरं ५० टक्क्यांच्या आसपास राहिली तर दिसला नाही असं मानायचं. हे पुरेसं वाटतं ना? जरा आकडे मांडून पाहा. चाचणीच्या ४० फेऱ्या घेतल्या. निव्वळ अंदाजाने २० बरोबर येतील, आणि ‘याला दिसतंय’ असं सांख्यिकीच्या नेहमीच्या निकषावर म्हणायला निदान २६ बरोबर यावी लागतात. आता असा माणूस घ्या, ज्याला चेहरा थोडासा खरोखरच दिसतो आणि जो लांब पल्ल्यात ६० टक्के वेळा बरोबर सांगेल. त्याच्याकडून ४० फेऱ्यांत सरासरी २४ येतील, आणि २६ ची वेस तो तीनांतून एकदाच ओलांडेल. म्हणजे अशा दर तिघांपैकी दोघांच्या नावापुढे ‘दिसलं नाही’ असा शिक्का बसणार, आणि त्यांचे दहा मिलिसेकंद ‘नेणिवेचा परिणाम’ म्हणून छापून येणार. चाचणीच्या ४०० फेऱ्या घेतल्या, तर हाच माणूस जवळजवळ नक्की पकडला जाईल. पण ४०० फेऱ्यांना वेळ लागतो, माणूस कंटाळतो, म्हणून त्या सहसा घेतल्या जात नाहीत.

यात आणखी एक मेख आहे. पुष्कळांची चाचणी घेऊन ज्यांचे गुण कमी आले तेवढेच ‘न पाहणारे’ म्हणून निवडले, तर त्या गटात काही जण केवळ त्या दिवशी नशीब फिरल्यामुळे आलेले असतात. त्यांची चाचणी पुन्हा घ्या, गुण वर सरकतील. डेव्हिड शँक्स यांनी २०१७ मध्ये ही चूक सविस्तर उलगडून दाखवली. लुईस पेसोआ आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रत्येक सहभागीची ओळखण्याची क्षमता वेगवेगळी आणि नीट मोजली, तेव्हा ३३ मिलिसेकंदांचे मास्क केलेले भेदरलेले चेहरे बऱ्याच जणांना ओळखता येत होते. काहींना तर १७ मिलिसेकंदांचेही. त्यांच्याच २००६ च्या अभ्यासात अमिग्डालाचा प्रतिसाद चेहरा दिसण्याशी बांधलेला निघाला. मग ‘न दिसलेल्या’ चेहऱ्यांवरच्या किती निष्कर्षांत खरं तर अर्धवट दिसलेले चेहरे आहेत? हेजर, ग्रे, गार्नर आणि अ‍ॅडम्स यांनी २०१६ मध्ये तीन पद्धतींतल्या मिळून २,६९६ सहभागींच्या नोंदी एकत्र करून हाच प्रश्न विचारला. मास्क केलेल्या ठिपका-चाचणीत परिणाम छोटा निघाला, आणि त्याचा आकार चेहरा व मास्क यांच्यातल्या वेळेच्या अंतराबरोबर बदलत होता. चेहरा दिसण्याची शक्यता ठरवणारी कळ नेमकी तीच आहे.

शिवाय लक्ष ओढतो तो भाव की चित्रातला काळा-पांढरा फरक? १९८८ मध्ये ख्रिस्टीन आणि रनाल्ड हॅन्सन यांनी दाखवलं, की गर्दीतला रागीट चेहरा चटकन डोळ्यांत भरतो. धोका आधी टिपणारी नजर ही उत्क्रांतीची देणगी आहे, हे लोकांना लगेच पटलं आणि पाठ्यपुस्तकांतही गेलं. १९९६ मध्ये पर्सेल, स्टुअर्ट आणि स्कोव्ह यांनी तीच छायाचित्रं नीट तपासली. करड्या छटांचे फोटो निव्वळ काळ्या-पांढऱ्यात उतरवताना रागीट चेहऱ्यावर गडद डाग उठले होते. नजर त्या डागांवर जात होती. डाग काढल्यावर रागाचा जोर राहिला नाही. पुढे उघड्या दातांची पांढरी पट्टीही अशीच फसवते, हे दिसून आलं. हसरा चेहरा दात दाखवतो म्हणून लवकर सापडतो, खवळलेला चेहरा दात दाखवतो तेव्हा तोही लवकर सापडतो. भेदरलेल्या चेहऱ्याचं गुपित बहुधा डोळ्यांच्या पांढऱ्या भागात आहे. व्हेलन यांच्याच गटाने २००४ मध्ये चेहरा पूर्ण काढून टाकला, फक्त डोळ्यांचे पांढरे भाग ठेवले, १७ मिलिसेकंद दाखवले, आणि मोठे पांढरे डोळे अमिग्डालाला पुरले.

चेहरा लपवायची मास्कहून वेगळी एक रीतही आहे. एका डोळ्याला स्थिर चेहरा आणि दुसऱ्या डोळ्याला सेकंदाला दहा वेळा बदलणारे रंगीत चौकटींचे तुकडे दाखवले, तर चेहरा बराच वेळ, कधी कित्येक सेकंद, जाणिवेतून नाहीसा होतो. त्सुचिया आणि कॉख यांनी २००५ मध्ये काढलेली ही युक्ती. यांग, झाल्ड आणि ब्लेक यांनी २००७ मध्ये तीच वापरली, तेव्हा या दडपणातून भेदरलेले चेहरे निर्विकार चेहऱ्यांपेक्षा लवकर बाहेर पडले. पण ग्रे आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये तेच चेहरे उलटे करून आणि फोटोच्या निगेटिव्हसारखे करून दाखवले. असा चेहरा पाहून भाव ओळखणं जड जातं, पण चित्रातला उठाव, म्हणजे गडद-फिकट भागांतला फरक, मात्र बराचसा तसाच राहतो. भेदरलेल्या चेहऱ्याची आघाडी तिथेही टिकली. भावना वाचलीच जात नसेल, तर ही आघाडी भावनेची कशी? हां, असं म्हणता येईल की भीतीने डोळे विस्फारतात ते मुळी दुसऱ्याला चटकन दिसावेत म्हणूनच, आणि म्हणून उठाव हाच भीतीचा संदेश. हा युक्तिवाद मला आवडतो आणि तो खरा असू शकतो. पण मग ‘नेणीव भावना ओळखते’ हे वाक्य मागे घेऊन ‘डोळ्याला ठळक चित्र आधी दिसतं’ असं म्हणावं लागेल, आणि तेवढ्यावर कोणी घाबरणार नाही.

दडवलेल्या चेहऱ्याला भिणाऱ्यांचा सगळ्यात भक्कम पुरावा मात्र वेगळ्याच ठिकाणी आहे आणि तो टाळणं अप्रामाणिकपणाचं होईल. मेंदूच्या मागच्या टोकाला असलेला प्राथमिक दृक्-भाग नष्ट झाला, की माणसाला दृष्टीच्या तेवढ्या भागात काहीच दिसत नाही. तरीही अशा काही रुग्णांना ‘अंदाज करा’ म्हटलं तर ते वस्तूची जागा किंवा दिशा बऱ्याचदा बरोबर सांगतात. लॉरेन्स वाइसक्रांट्स यांनी १९७० च्या दशकापासून या अंधदृष्टीचा अभ्यास केला. १९९९ मध्ये बेआट्रिस द गेल्डर आणि सहकाऱ्यांनी ‘जीवाय’ या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या रुग्णाला आंधळ्या भागात चेहरे दाखवले, तर तो त्यांवरचे भाव नशिबापेक्षा बऱ्याच जास्त वेळा ओळखू शकला. २००९ मध्ये तामिएत्तो आणि सहकाऱ्यांना अशा रुग्णांच्या चेहऱ्याच्या स्नायूंत न दिसलेल्या भावांना साजेशी सूक्ष्म हालचालही सापडली. उजव्या मेंदूला इजा होऊन डावीकडचं ध्यान सुटलेल्या रुग्णांत, दोन्ही बाजूंना एकदम चित्रं आली की डावीकडचं हरवतं; पण तिथे भावपूर्ण चेहरा असेल तर तो कमी वेळा हरवतो, असं व्हुइल्यूमिए आणि श्वार्ट्‌झ यांनी २००१ मध्ये दाखवलं. आणि २०१६ मध्ये, मेंदूच्या आत बसवलेल्या विद्युदग्रांवर (इलेक्ट्रोडवर), भेदरलेल्या चेहऱ्याला अमिग्डालाने ७४ मिलिसेकंदांत दिलेला प्रतिसाद नोंदला गेला. इथे पडद्याच्या फेऱ्यांची सबब चालत नाही, ‘थोडंसं दिसलं असेल’ हीही सहसा चालत नाही. जाणिवेला बगल देणारी एखादी वाट मेंदूत आहे, हे मी मान्य करतो.

मात्र वाट आहे म्हणून तिच्यावरून गाड्या धावतात, असं नाही. जीवायला इजा झाली ती वयाच्या आठव्या वर्षी. पुढच्या तीन-साडेतीन दशकांत त्याच्या मेंदूने जोडण्या बदलल्या असणार आणि तो प्रयोगांना सरावलाही होता. जिथे हमरस्ताच बंद आहे तिथे पायवाट किती रुळते, हे असा रुग्ण दाखवतो. हमरस्ता खुला असताना त्याच पायवाटेवर किती वर्दळ असते, हे त्यावरून ठरत नाही. आणि अमिग्डाला म्हणजे लक्ष नव्हे. ‘एसएम’ या रुग्णाच्या दोन्ही बाजूंचे अमिग्डाला पूर्ण नष्ट झालेले आहेत. तरी २००९ मध्ये त्सुचिया आणि सहकाऱ्यांना दिसलं, की भेदरलेले चेहरे झटपट टिपण्याची तिची क्षमता शाबूत आहे. स्कॅनमध्ये अमिग्डालाच्या जागी लाल ठिपका उजळला, की ‘तुमचं लक्ष हायजॅक झालं’ असं लिहिणाऱ्यांनी हा एक रुग्ण तरी लक्षात ठेवावा.

दुसरा मुद्दा चिंतेने ग्रासलेल्या लोकांचा, आणि तो मला सगळ्यात जवळचा वाटतो. बार-हायम आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये १७२ अभ्यास एकत्र केले. धोक्याच्या चित्रांकडे आणि शब्दांकडे चिंताग्रस्त व्यक्तींचं लक्ष जास्त ओढलं जातं, हे त्यातून स्वच्छ दिसलं. चिंता नसलेल्यांत ती ओढ जवळजवळ नव्हती. म्हणजे सरासरी माणसावर परिणाम छोटा असला, तरी आधीच त्रासात असलेल्यांवर तो मोठा असू शकतो. हे नाकारायचं कारण नाही. पण इथून दोन चुकीच्या उड्या मारल्या जातात. पहिली उडी: या चाचणीने एखाद्या व्यक्तीचा कल मोजता येतो. श्मुकले यांनी २००५ मध्ये एकाच माणसाची ठिपका-चाचणी पुन्हा घेऊन पाहिली, तर पहिल्या खेपेचा आकडा दुसऱ्या खेपेशी जुळेना. हे होणारच. एकमेकांना चिकटून असलेल्या दोन वेळांची वजाबाकी केली, की जे नेमकं आणि स्थिर आहे तेच वजा होऊन जातं आणि हातात उरतो तो गोंगाट. गटाची सरासरी यातून निघते, एका माणसाचा अहवाल निघत नाही. दुसरी उडी: हा त्रास दडवलेल्या चेहऱ्यांमुळे होतो. चिंताग्रस्तांना खरी अडचण येते ती उघड दिसणाऱ्या धमकीच्या चेहऱ्यावरून नजर सोडवून घेताना. एलेन फॉक्स आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये दाखवलेली ही अडचण पूर्ण जाणिवेत घडते. मग या लोकांची काळजी करणाऱ्याने कुठे पाहायला हवं?

‘परिणाम छोटा असेल, पण कोट्यवधी प्रेक्षकांनी गुणा’ हा आक्षेप ऐकायला बिनतोड वाटतो. छोटी गोष्ट गुणून मोठी होते ती साठत जाते तेव्हा. न जाणवलेल्या चित्राचा परिणाम साठतो का? ग्रीनवाल्ड, ड्रेन आणि एब्रम्स यांनी १९९६ मध्ये मास्क केलेल्या शब्दांवर मोजलं, तर परिणाम सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत विरत होता. आपली नजर सेकंदाला साधारण तीन वेळा जागा बदलते. एका झेपेला मिळालेला दहा मिलिसेकंदांचा धक्का पुढच्या झेपेत पुसला जातो. आणि नकाश, ब्लांडॅन आणि दहान यांनी २००२ मध्ये आकड्यांवर केलेल्या प्रयोगात त्याहून मोलाची गोष्ट निघाली: न दिसलेल्या आकड्याचा परिणाम व्हायला माणसाचं लक्ष नेमक्या त्या क्षणावर रोखलेलं असावं लागतं. क्षण चुकला की परिणाम संपला. नेणिवेतल्या घडामोडीला जाणिवेने दार उघडून द्यावं लागतं. प्रयोगशाळेत माणूस शेकडो फेऱ्या एका चिन्हावर डोळे लावून बसतो. घरी मोबाइल चाळणारा माणूस तसा बसतो का?

वागणुकीबद्दलचा सगळ्यात ठोस विरोधी पुरावा म्हणजे विंकीलमन, बेरिज आणि विल्बार्गर यांचा २००५ चा अभ्यास. मास्क केलेले हसरे चेहरे दाखवल्यावर लोकांनी पेय जास्त ओतलं आणि जास्त प्यायलं, रागीट चेहऱ्यांनंतर कमी. मात्र हे घडलं ते तहानलेल्यांच्या बाबतीत. तहान आधीपासूनच होती. चेहऱ्याने तिला हलकासा हात लावला. एवढा परिणाम गृहीत धरला तरी तो माणसाच्या इच्छेच्या उताराने जातो, नवी इच्छा तयार करत नाही.

हा सगळा काथ्याकूट कशासाठी? कारण दडवलेल्या भावांवरच्या अवाजवी विश्वासाची किंमत मोजली जाते. चेहऱ्यावर क्षणभर चमकून जाणारे भाव आणि वागण्यातल्या खुणा टिपून घातपात करणारे ओळखता येतील, या भरवशावर अमेरिकेच्या विमानतळांवर २००७ पासून एक कार्यक्रम चालवला गेला. सरकारी लेखापरीक्षकांनी २०१३ मध्ये हिशेब मांडला तेव्हा ९० कोटी डॉलर खर्च झाले होते. अशा खुणांवरून फसवणूक ओळखण्याची माणसाची क्षमता नशिबाइतकी किंवा त्याहून थोडीशीच जास्त असल्याचं त्यांनी नोंदवलं आणि या कामाचा निधी मर्यादित ठेवण्याची शिफारस केली. विनाकारण बाजूला काढून प्रश्न विचारले गेलेले प्रवासी त्या हिशेबात धरलेलेच नाहीत. ज्यांना वाटतं की ‘थोडी अतिशयोक्ती झाली तरी लोक सावध होतात ना’, त्यांनी हे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवावं. साप साप म्हणून भुई धोपटताना काठी कोणाला तरी लागतेच.

आणि पकडण्याच्या दृष्टीने पाहिलं, तर दडवलेला चेहरा हा सगळ्यात सोपा गुन्हा आहे. सेकंदाला ३० चित्रं या वेगाच्या तासाभराच्या चित्रफितीत १,०८,००० चित्रं असतात. प्रत्येक चित्राची मागच्या-पुढच्या चित्राशी तुलना करून एकटंच वेगळं असलेलं चित्र बाहेर काढणं हे संगणकाचं किरकोळ काम आहे. जे दडवलं ते फाइलमध्ये तसंच पडलेलं असतं, पुरावा म्हणून. उलट दोन सेकंद उघड दिसणारा, डोळे विस्फारलेला चेहरा घ्या. त्याचे वीस नमुने लाखो लोकांवर पडताळून, ज्यावर बोट सगळ्यात जास्त वेळा थांबतं तो ठेवायचा, बाकीचे टाकून द्यायचे. फाइल कितीही उघडून पाहिली तरी त्यात लपवलेलं काही सापडणार नाही. डोळ्यांच्या पांढऱ्या भागाचा, दातांचा, उठावाचा जो परिणाम ३३ मिलिसेकंदांत अंधुक असतो, तो दोन सेकंदांत पुरेपूर मिळतो आणि चिंतेने त्रासलेल्या माणसाची नजर तिथे अडकून पडते. कायद्याला विचारायचंच असेल तर हे विचारावं: कुठले चेहरे पडताळले, किती जणांवर, कुठल्या निकषावर निवडले, आणि त्या नमुन्यांची नोंद ठेवली आहे का. ही नोंद मागायला मेंदूचा स्कॅन लागत नाही. कायद्यातल्या ‘जाणिवेपलीकडे’ या शब्दाची व्याख्या तर आधी करावी लागेल, आणि त्या व्याख्येत चाचणीच्या फेऱ्या ४० की ४००, हे लिहावंच लागेल.